घटसर्पापासून घरच्या पलंगापर्यंत

मे १८०७. नेपोलियनचा साडेचार वर्षांचा पुतण्या हेगमध्ये घसा दाटून दगावला. सम्राटाला स्वतःला तेव्हा औरस मूल नव्हतं आणि हा मुलगा पुढे गादीवर बसेल असं मानलं जात होतं. त्याला वाचवणं एकाही नामांकित वैद्याला जमलं नाही. या ‘क्रूप’ रोगावर जो उत्तम निबंध लिहील त्याला नेपोलियनने १२,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं. निबंध आले, जिनिव्हा आणि ब्रेमेनच्या दोघा डॉक्टरांत बक्षीस वाटलं गेलं. मुलं मात्र मरतच राहिली. घशात करडा पडदा धरायचा, आवाज बसायचा, श्वास घेताना गळ्याखालची खळी आत ओढली जायची आणि दोन-चार दिवसांत खेळ आटोपायचा. मराठीत घटसर्प म्हणतात तो रोग यांतल्या कित्येक मुलांच्या मृत्यूमागे होता.

उपाय कुणालाच ठाऊक नव्हता असं नाही. गळ्याला चीर देऊन श्वासनलिका उघडायची आणि अडथळ्याच्या खालून हवा आत जाऊ द्यायची, ही कल्पना प्राचीन ग्रीक वैद्यांनाही माहीत होती. दुसऱ्या शतकातल्या अँटिलसने तिचं नीट वर्णन केलं होतं. अरेटियससारखे वैद्य मात्र कूर्चेची जखम भरत नाही म्हणून या वाटेला जाऊच नये असं सांगत. १५४६ मध्ये फेराराच्या अँटोनियो मुसा ब्रासाव्होलाने घशातल्या गळवाने गुदमरलेल्या रुग्णावर ही शस्त्रक्रिया केली आणि रुग्ण वाचला. पॅरिसच्या निकोला हाबिकोने १६२० मध्ये अशा चार शस्त्रक्रियांची हकिकत छापली. त्यांतला एक रुग्ण चौदा वर्षांचा मुलगा होता. वाटेत चोर लुटतील या भीतीने त्याने सोन्याची नाणी कापडात बांधून गिळली होती. ती पुरचुंडी अन्ननलिकेत अडकली आणि मागून श्वासनलिकेवर दाब आला. हाबिकोने आधी गळा उघडून त्याचा श्वास मोकळा केला, मग पुरचुंडी खाली ढकलली. मुलगा जगला आणि नाणीही यथावकाश मिळाली.

एवढं असूनही गळ्याला सुरी लावायला कुणी सहसा धजत नसे. डिसेंबर १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन घसा सुजून गुदमरत होते. त्यांच्या उशाशी तीन डॉक्टर होते. त्यांतल्या सर्वांत तरुण एलिशा डिकने श्वासनलिका उघडू या असं सुचवलं. दोघा ज्येष्ठांनी नकार दिला. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष त्याच रात्री गेला.

कोंडी फुटली ती फ्रान्समधल्या तूर या गावात. पिएर ब्रेतोनो या डॉक्टरने आधी दोनदा हा प्रयोग केला होता आणि दोन्ही वेळा मूल गेलं होतं. १ जुलै १८२५ रोजी त्याच्यासमोर एलिझाबेथ द पुईसेग्युर ही चार वर्षांची मुलगी होती. तिची भावंडं याच रोगाने आधी गेलेली होती. ब्रेतोनोने चीर दिली, चांदीची नळी बसवली आणि ती मुलगी वाचली. पुढच्याच वर्षी त्याने या रोगावर ग्रंथ लिहिला. ‘डिप्थेरिया’ हे नाव त्याच्याच शब्दावरून आलं.

ब्रेतोनोचा शिष्य आर्मां त्रूसो याने पॅरिसमध्ये ही शस्त्रक्रिया रुळवली. त्याच्या सुरुवातीच्या अनुभवात चारांतलं जेमतेम एक मूल वाचायचं. आज हा हिशेब भयंकर वाटतो, पण तेव्हा शस्त्रक्रिया न केलेलं मूल जवळजवळ हमखास जायचं. त्रूसोचं खरं मोठेपण शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीत दिसतं. नळीत नळी असावी, म्हणजे आतली काढून धुता येते आणि बाहेरची जागेवर राहते, हा त्याचा आग्रह. गळ्याभोवती ओलसर मलमलीची पट्टी गुंडाळावी, म्हणजे नाकाला वळसा घालून आत जाणारी हवा कोरडी राहत नाही, हाही त्याचाच. आज नळीच्या तोंडावर जे छोटं ‘कृत्रिम नाक’ बसवतात, ते तेच काम करतं.

लहान मुलाच्या गळ्याचं गणित मोठ्यांपेक्षा फार निर्दय असतं. तान्ह्या बाळाच्या स्वरयंत्राखालचा भाग सुमारे ४ मिलिमीटर रुंद असतो. तिथे सगळीकडून १ मिलिमीटर सूज आली की उरतात २ मिलिमीटर. वाट चौथा हिस्सा उरते आणि हवेला होणारा अटकाव सोळा पट वाढतो. मोठ्या माणसाला तेवढ्याच सुजेने नुसता आवाज बसला असता. म्हणून मुलाच्या श्वासनलिकेत कुठे कापायचं याला महत्त्व आलं. पिट्सबर्गचे शेव्हलिअर जॅक्सन यांनी १९०९ मध्ये शस्त्रक्रियेची शिस्तशीर पद्धत लिहून काढली. १९२१ मध्ये त्यांनी स्वरयंत्र कायमचं आकसलेल्या रुग्णांची छाननी करून दाखवलं की बहुतेकांच्या बाबतीत दोष वर दिलेल्या चिरेचा होता. चीर खाली द्या, स्वरयंत्राखालच्या पहिल्या कड्याला हात लावू नका, हा त्यांचा धडा. मुलांच्या शस्त्रक्रियेत आजही श्वासनलिकेचा तुकडा कापून काढत नाहीत. उभी चीर देतात आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक धागा ओवून छातीवर चिकटवून ठेवतात. पहिल्या आठवड्यात नळी निसटली, तर हे दोन धागे ओढून वाट उघडता येते. एखाद्या नर्सने रात्री तीन वाजता त्या धाग्यांना हात घातल्यामुळे वाचलेली मुलं जगभरात असतील.

जॅक्सन यांच्या आधीपासूनच घटसर्पाचा मामला निवळत होता. न्यूयॉर्कच्या फाउंडलिंग हॉस्पिटलमध्ये जोसेफ ओड्वायर यांनी १८८५ च्या सुमारास तोंडावाटे स्वरयंत्रात बसणाऱ्या नळ्या तयार केल्या. म्हणजे गळा न कापताही श्वास मोकळा होऊ लागला. बेरिंग यांनी प्रतिविष शोधलं आणि १८९४ पासून पॅरिसच्या रू यांनी ते मोठ्या प्रमाणावर मुलांना द्यायला सुरुवात केली. पुढे लस आली. गळ्यातल्या छिद्राचं काम संपत आलं असं वाटावं, अशा वेळी त्याला एक वेगळंच काम मिळालं.

ते काम पोलिओने आणलं. पोलिओचा विषाणू मेंदूच्या देठाशी पोहोचला की गिळण्याचे स्नायू लुळे पडतात. वाट मोकळी असते, तिथे पडदा नसतो, गळू नसतं. पण लाळ आणि कफ घशात साठतो, फुप्फुसात उतरतो आणि रुग्ण स्वतःच्याच थुंकीत बुडतो. १९४३ मध्ये इलिनॉयच्या थॉमस गॅलोवे यांनी अशा रुग्णांत श्वासनलिका उघडून आतला स्राव ओढून काढण्याचा मुद्दा ठामपणे मांडला. इथे छिद्राचा अर्थच पालटला. गुदमरलेल्या मुलासाठी ते जिवाच्या आकांताने केलेलं काम होतं. आता ते मज्जासंस्थेच्या आजारात, डोकं शांत ठेवून आधीच ठरवायचं काम झालं.

१९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये या बदलाची कसोटी लागली. साथ एवढी तीव्र होती की ब्लेगडाम या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात दिवसाला पन्नासेक रुग्ण येत. त्यांच्याकडे एक लोखंडी फुप्फुस आणि छातीवर बसवायची सहा यंत्रं एवढाच सरंजाम होता. सुरुवातीच्या काळात यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ गेले. प्रमुख डॉक्टर लासेन यांनी शेवटी ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावलं. भूलतज्ज्ञाचं काम ऑपरेशन थिएटरमध्ये, वॉर्डात त्याचं काय, अशी तेव्हाची रीत होती.

रुग्णांच्या रक्तात बायकार्बोनेट वाढलेलं दिसायचं. डॉक्टरांना वाटायचं, हे रक्तातल्या अल्कलीचं काहीतरी गूढ आहे. इब्सेनने थिएटरमधल्या अनुभवावरून ताडलं की श्वास पुरा होत नसल्याने कार्बन डायऑक्साइड साठतोय. २७ ऑगस्टला विव्ही एबर्ट या बारा वर्षांच्या मुलीवर प्रयोग ठरला. चारही हातपाय लुळे, अंगात ताप, श्वास तोकडा. गळ्याची जागा बधिर करून श्वासनलिका उघडली, फुगा असलेली रबरी नळी आत सरकवली. पण मुलगी धडपडत राहिली, छाती आवळली गेली, नळीला जोडलेली रबरी बॅग दाबूनही हवा जाईना. बघायला जमलेले डॉक्टर एकेक करून निघून गेले असं सांगतात. इब्सेनने भुलीचं औषध दिलं. तिची धडपड थांबली, स्वतःचा श्वासही थांबला, आणि मग हाताने दाबलेल्या बॅगेची हवा सुरळीत आत जाऊ लागली. विव्ही वाचली. ती कायमची अपंग राहिली आणि १९७१ पर्यंत जगली.

पुढे जे झालं त्याला तोड नाही. वैद्यकीय आणि दंतवैद्यकीय शाखांचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्‌महिने रबरी बॅगा दाबत बसले. एका वेळी सत्तरेक रुग्ण अशा हातांवर जगत होते. सत्त्याऐंशी टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण आधी चाळिसाच्या आसपास आणि मग त्याहून खाली आलं. आजच्या आयसीयूचा जन्म या वॉर्डातला मानतात. त्याच शहरात १९५६ मध्ये हेनिंग रूबेन आणि होल्गर हेस यांनी आपोआप फुगणारी ‘अँबू’ बॅग बाजारात आणली. भारतातल्या कुठल्याही कॅज्युअल्टीत ती दिसते. व्हेंटिलेटर मोकळा नसला की सरकारी रुग्णालयांत रुग्णाचे नातेवाईकच तासन्‌तास ती दाबत बसतात. कोपनहेगनला विद्यार्थ्यांनी जे एका साथीपुरतं केलं, ते इथे काका-मामा वर्षानुवर्षं करत आले आहेत.

१९६० च्या दशकात पुन्हा एक वळण आलं. मऊ प्लास्टिकच्या नळ्या आल्या आणि नाकातून घातलेली नळी दिवसच्या दिवस ठेवता येते हे बैरूतमध्ये ब्रँडस्टेटर यांनी १९६२ मध्ये, आणि मेलबर्नच्या मुलांच्या रुग्णालयात मॅकडोनल्ड आणि स्टॉक्स यांनी १९६५ मध्ये दाखवून दिलं. तातडीच्या आजारात गळा उघडण्याची गरज त्यामुळे आणखी घटली. हिमोफिलस जंतूवरची लस आल्यावर घशाच्या झाकणाला एकाएकी सूज येणाऱ्या मुलांचीही संख्या रोडावली. पण याच नळ्यांनी आणि नवजात शिशू विभागांनी वाचवलेली मुलं पुढे मोठी होऊ लागली. कुणाला जन्मतः मेंदूला प्राणवायू कमी पडलेला, कुणाला सेरेब्रल पाल्सी, कुणाचे स्नायूच दुर्बळ. मुलांच्या ट्रॅकिऑस्टॉमीच्या, म्हणजे गळ्याला छिद्र पाडून नळी बसवण्याच्या, यादीत घटसर्प आणि क्रूप खाली सरकले. वर आली ती ही मुलं, आणि त्यांची नळी आठवड्याभरात निघणारी नव्हती.

या मुलांच्या बाबतीत ‘श्वास घेता येत नाही’ या एका तक्रारीमागे तीन वेगवेगळी दुखणी असतात. घशाचे स्नायू ढिले पडून झोपेत वाट मिटते, हे एक. लाळ आणि अन्न फुप्फुसात उतरतं, हे दुसरं. छातीचा भाता किंवा मेंदूची आज्ञाच अपुरी पडते, हे तिसरं. कित्येकांत तिन्ही एकत्र असतात. शल्यविशारदांकडे हळूहळू या तिन्हींसाठी वेगवेगळी हत्यारं जमत गेली.

वाट मिटण्यावर आधी टॉन्सिल आणि अडेनॉइड काढून बघतात. सिनसिनाटीच्या सॅम्युएल इग्लॉर यांनी १९२२ मध्ये बाळाच्या स्वरयंत्रावरचं लवलवतं झाकण कापून घरघर थांबवल्याची नोंद केली. १९८० च्या दशकात लेझर आणि सूक्ष्म कात्र्यांनी तीच कल्पना नव्याने वापरात आली. अंगाने धडधाकट असलेल्या बाळात तिला चांगलं यश येतं. मेंदूचा आजार असलेल्या बाळात ते बरंच घटतं, कारण दोष तिथल्या सैल मांसात कमी आणि त्याला ताण देणाऱ्या नसांत जास्त असतो. तिथे कापून काय उपयोग? सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये मोठ्या माणसांसाठी शोधलेला, नाकावर मास्क लावून हवेचा दाब देण्याचा उपाय नंतर मुलांतही रुळला. गळ्याला छिद्र न पाडता काही वर्षं काढता येतात ती त्याच्या जोरावर.

लाळेवर कॅनडाच्या विल्की यांनी १९६७ मध्ये सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी शस्त्रक्रिया मांडली. गालातल्या लाळग्रंथीच्या नळ्या मागे घशाकडे वळवायच्या आणि जबड्याखालच्या ग्रंथी काढून टाकायच्या. गालावरून ओघळणारी लाळ त्याने थांबते, पण जे मूल गिळूच शकत नाही, त्याच्या घशात तीच लाळ मागून साठते. म्हणून पुढच्या शल्यकांनी नळ्या वळवण्याऐवजी बांधून टाकायला सुरुवात केली. अलीकडे आधी ग्रंथीत बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन कितपत फरक पडतो ते बघतात.

सर्वांत टोकाचा उपाय सिएटलच्या रॉजर लिंडमन यांनी १९७५ मध्ये सांगितला. श्वासनलिका आडवी कापायची. खालचं तोंड गळ्यावर बाहेर आणायचं, वरचं अन्ननलिकेला जोडायचं. तोंडातून उतरलेलं काहीही मग फुप्फुसात जाऊच शकत नाही. पुढे वरचं टोक नुसतं शिवून बंद करण्याची सोपी तऱ्हाही आली. लिंडमन यांनी हा उपाय तत्त्वतः परत फिरवता येण्याजोगा म्हणून मांडला होता. प्रत्यक्षात गंभीर अपंगत्व असलेल्या मुलात तो कायमचाच ठरतो आणि आवाज जातो. जपानमध्ये अशा मुलांसाठी ही शस्त्रक्रिया बऱ्याच प्रमाणात झाली. तिथल्या अनुभवात वारंवार होणारा न्यूमोनिया आणि दिवसातून कितीतरी वेळा करावं लागणारं सक्शन खूप कमी झालं. एरवी साध्या ट्रॅकिऑस्टॉमीने लाळ आत उतरणं थांबत नाही. नळी फक्त ती ओढून काढायला दार देते. बऱ्याच पालकांची समजूत नेमकी इथे चुकते. ‘नळी बसली की ठसका थांबेल’ असं त्यांना वाटत असतं.

आवाजाचा प्रश्न एका रुग्णानेच थोडा सोडवला. स्नायूंच्या आजाराने हातपाय लुळे पडलेला आणि व्हेंटिलेटरवर असलेला डेव्हिड म्युअर हा अमेरिकन तरुण. १९८० च्या दशकात त्याने विशीत असताना नळीवर बसणारी एकतर्फी झडप बनवली. श्वास नळीतून आत येतो, पण बाहेर जाताना झडप बंद होते आणि हवा स्वरयंत्रातून वर जाते. ‘पासी-म्युअर’ नावाने ती आज लहान मुलांनाही बसवतात आणि आईला कित्येकदा बाळाचं रडणं पहिल्यांदा ऐकू येतं.

नळी रुग्णालयातून घरी न्यायची वाट मात्र डॉक्टरांच्या आधी एका कुटुंबाने मागितली. आयोवातल्या सीडर रॅपिड्सची केटी बेकेट १९७८ मध्ये जन्मली. पाचव्या-सहाव्या महिन्यात मेंदूज्वर झाला, लुळेपणा आला, गळ्यात नळी आणि सोबत व्हेंटिलेटर. तीन वर्षं झाली तरी ती रुग्णालयातच. कारण सरकारी आरोग्य योजनेच्या नियमात उपचार रुग्णालयात असताना खर्च मिळे, घरी गेलं की बंद होई, आणि घरचा खर्च त्याच्या काही अंशानेच भागणार होता. नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत तिचं उदाहरण देऊन या नियमावर टीका केली. केटीने तो नाताळ घरी साजरा केला. पुढच्या वर्षी कायद्यात तशी तरतूद झाली आणि हजारो मुलं घरी गेली. केटी शिकली, अपंगांच्या हक्कांसाठी बोलत राहिली आणि २०१२ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेली.

घरी न्यायची मुभा मिळाल्यावर ‘न्यायचं का’ हा वाद उभा राहिला. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये २०११ मध्ये ‘बेबी जोसेफ’ या नावाने वर्तमानपत्रांत गाजलेलं बाळ मेंदूच्या असाध्य ऱ्हासाच्या आजाराने व्हेंटिलेटरवर होतं. डॉक्टरांचं म्हणणं, गळ्यात नळी बसवून त्याचा त्रासच लांबेल, तोंडातली नळी काढून त्याला शांतपणे जाऊ द्यावं. आई-वडिलांचं पहिलं मूल अशाच आजाराने गेलं होतं, पण तेव्हा नळी बसवून ते महिनोन्‌महिने घरी राहिलं होतं. त्यांना याही बाळाला घरीच न्यायचं होतं. कोर्टाने डॉक्टरांच्या बाजूने कौल दिला. पालकांनी बाळ अमेरिकेतल्या सेंट लुईसला हलवलं, तिथे मार्चमध्ये ट्रॅकिऑस्टॉमी झाली, ते व्हेंटिलेटरशिवाय श्वास घेऊ लागलं आणि घरी आलं. सप्टेंबरमध्ये घरीच गेलं. ते सहा महिने कुणाच्या हिशेबात कमाई होती आणि कुणाच्या हिशेबात यातना, यावर वैद्यकीय नीतीच्या वर्गांत अजून हमरीतुमरी होते.

औषधांनी हिशेब आणखी विस्कटला. स्नायू दुर्बळ करत नेणाऱ्या स्पायनल मस्क्युलर अॅट्रोफीच्या सर्वांत गंभीर प्रकारातली बाळं कायमच्या व्हेंटिलेटरशिवाय दोन वर्षांच्या पुढे जात नाहीत असं ग्रंथांत छापलेलं असे. २०१६ मध्ये न्युसिनर्सेन आणि २०१९ मध्ये जनुकीय उपचार मंजूर झाला, आणि ही मुलं बसू लागली, काही उभी राहू लागली. २०२१ मध्ये मुंबईत अशाच एका बाळाला लोकवर्गणीतून सुमारे १६ कोटींचा तो जनुकीय उपचार मिळाला. ज्या बाळाला नळी बसवावी की नाही याचा निर्णय ‘फार दिवस नाहीत’ या गृहीतावर व्हायचा, तिथे ते गृहीतच राहिलं नाही.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत आता हा निर्णय सहसा एकट्या सर्जनच्या हातात राहत नाही. बालरोगतज्ज्ञ, न्यूरोलॉजिस्ट, ईएनटी, भूलतज्ज्ञ, गिळण्याची तपासणी करणारे थेरपिस्ट आणि आई-वडील असे सगळे बसतात. झोपेतला श्वास मोजतात, दुर्बिणीने घसा बघतात, मूल गिळताना दूध कुठे जातं याचं एक्सरे-चित्रण करतात. पोटातून भरवण्याची नळी आधी घालावी का हेही तिथेच ठरतं. शस्त्रक्रियेला तास-अर्धा तास लागतो. त्यानंतर आई आणि घरातलं आणखी एक माणूस वॉर्डात राहून शिकतं: कॅथेटर किती सेंटिमीटर आत घालायचा, सक्शन दहा सेकंदांच्या आत कसं आटपायचं, गळ्यामागच्या फितीत एक बोट जाईल एवढीच ढील कशी ठेवायची, नळी निघाली तर एक नंबर लहान नळी कुठे ठेवलेली असेल. सक्शन मशीन घेताना दुकानदाराला बॅटरी किती वेळ चालते ते विचारायला सांगतात. ज्या गावात वीज तासन्‌तास जाते, तिथल्या आई-वडिलांना सोबत पायाने चालणारा सक्शन पंपही घ्यायला सांगतात आणि तो सुट्टी मिळायच्या आधी वॉर्डातच त्यांच्याकडून चालवून घेतात.